बरणीतले साक्षीदार

बाई आज काय जेवल्या, हे मालवणच्या मासळीबाजाराला आमच्या प्रिन्सिपॉलांच्या आधी कळायचं, आणि त्यावरून कॉलेजात बाईंच्या प्रयोगशाळेत काय चाललंय तेही बाजार ओळखायचा. पहिल्याच ओट्यावर बसणारी रुक्मीण मला लांबून बघून विचारायची, "मास्तरानू, बाई फिरकूक नाय ता? माशांची परीक्षा लागली काय?" मी हो म्हटलं की ती समोरच्या सुरमईवर पाणी शिंपडत सुस्कारा टाकायची. "म्हंजे माझा गिऱ्हाईक शिवराक!"

शिवराक म्हणजे शाकाहारी जेवण. एरवी बाईंना मासे खाताना बघणं हा एक सोहळा असे. मी कोल्हापूरकडचा, मटणावर वाढलेला. काट्याच्या भीतीने तुकडा चिवडत बसायचो. मग त्या माझ्या ताटातला बांगडा ओढून घ्यायच्या आणि चेन उघडावी तसा त्याचा अख्खा काटा दोन बोटांनी अलगद उचलून बाजूला ठेवायच्या. "खा आता. ह्या वयात तुका भरवूचा लागता, काय म्हणूचा?" पण बरण्यांतल्या माशांची चाचणी सुरू झाली की ती संपेपर्यंत त्यांच्या घरात मासळी शिजत नसे. कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "थंय माझी पोरां वीष पिऊन बसली आसत, आणि हंय मी बांगड्याच्या तिखल्यार ताव मारू?"

बाई प्राणिशास्त्र शिकवायच्या. मालवणजवळच्या त्या लहानशा कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायला गेलो तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं, आणि बाई चाळिशी ओलांडलेल्या, बिनलग्नाच्या होत्या. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या. आवाज असा की वर्गात त्या हृदयाचे कप्पे समजावत असल्या की शेजारी माझ्या वर्गातली मुलंही वहीत हृदय काढायची. आमच्या दोघांच्या प्रयोगशाळांमध्ये एकच भिंत आणि तिला एक खिडकी. त्या खिडकीतून माझ्याकडची रसायनं त्यांच्याकडे जायची आणि त्यांच्याकडची भाजलेले काजू माझ्याकडे यायचे. वर्गात त्या छापील पुस्तकासारखं शुद्ध मराठी बोलत. वर्गाचं दार ओलांडलं की मालवणी. मला पहिल्या दिवशी "आपण" म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी "तुम्ही", आणि तिसऱ्या दिवशी खिडकीतून हाक आली, "मेल्या, मोरचूद आसा काय रे तुझ्याकडे?"

मोरचूद, म्हणजे फवारणीत वापरतात ते तांब्याचं निळं मीठ, त्यांना हवा होता माशांवरच्या चाचणीसाठी. आंब्याच्या आणि काजूच्या बागांत तेव्हा नवनवी औषधं फवारायला सुरुवात झाली होती. फवारणीचे डबे लोक व्हाळात, म्हणजे गावच्या ओढ्यात, धुवायचे. ते पाणी खाली मळ्यात उतरायचं, विहिरीत झिरपायचं. त्यातलं काय, किती, आणि कुणाला बाधतं, याचा शोध घेणं हा बाईंचा उद्योग. त्यासाठी त्यांच्या खोलीत खिडकीपासून दारापर्यंत काचेच्या बरण्या मांडलेल्या असत आणि प्रत्येक बरणीत बोटाएवढे मासे. अंगाला सोनेरी झाक, आणि डोक्यावर कुणी पांढरं गंध लावावं तसा चमकणारा ठिपका. पाटाच्या पाण्यात, भातखाचरात ते कुठेही सापडायचे. बाई स्वतः साडी खोचून, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात जुन्या मच्छरदाणीचं जाळं घेऊन त्यांना पकडायला उतरत. त्या माशाचं लॅटिन नाव त्या फक्त परीक्षेपुरतं सांगायच्या. एरवी "पोरां."

"हाच मासा का?" असं मी एकदा विचारलं होतं.

"अरे, माणसाला विष चाखून बघ म्हणता येत नाही," त्या वर्गातल्या मराठीत सुरू झाल्या. "मोठा मासा पाळायचा तर तळं खणायला हवं. हा एका बरणीत राहतो, चिमूटभर खातो, आणि पाण्यात काही वाईट असलं तर ताबडतोब बोलतो. श्वासच पाण्यातून घेतो, त्यामुळे लपवायला जागाच नाही त्याला." मग त्यांना राहवलं नाही. "आणि दिसता कसो बघ! ह्येच्या कपाळार कुणी टिकली लावल्यान काय रे?"

त्यांच्या बरण्यांच्या रांगेत पहिली बरणी नेहमी साधी असायची. तिच्यात औषध नाही, काही नाही. नुसतं विहिरीचं पाणी आणि मासे. नव्या मुलांना वाटे, ही बरणी कशाला? बाई म्हणत, "तीच तर राणी. बाकीच्या बरण्यांत मासे मेले आणि ह्या बरणीतही मेले, तर औषधाला दोष देता येईल का? दोष आपल्या पाण्याचा, नाहीतर आपल्या हाताचा." हा विचार त्यांच्या इतका हाडीमासी मुरला होता की त्या तो कुठेही वापरत. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, नव्या घंटेपासून मुलं बेशिस्त झालीत. बाईंनी चहाच्या कपातून मान वर न करता विचारलं, "साधी बरणी खंय?" म्हणजे जुनी घंटा असलेलं दुसरं कॉलेज दाखवा, तिथली मुलं शहाणी आहेत का बघू. एका प्राध्यापकांनी मुलाच्या पायगुणाने बढती मिळाल्याचे पेढे वाटले, तेव्हाही त्यांनी पेढा तोंडात टाकून तेच विचारलं. ते बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते.

वीज जाणं हे तेव्हा रोजचंच होतं. वीज गेली की बरण्यांत हवा सोडणारा लहानसा पंप थांबायचा. बाईंनी त्यावर सायकलची ट्यूब शोधून काढली होती. ट्यूब हवा भरून टम्म फुगवायची, तिला दवाखान्यातली सलाइनची नळी जोडायची आणि नळीचं चाक जरासं ढिलं करायचं, की बरणीत मंद बुडबुडे येत राहत. हवा मात्र कुणालातरी भरावी लागे. एकदा प्रिन्सिपॉल त्यांना रागवायला आले. प्रयोगशाळेत लोणच्याच्या बरण्या ठेवता म्हणून कुणीतरी तक्रार केली होती. तेवढ्यात वीज गेली. बाईंनी "सर, हा जरा धरा," म्हणून सायकलचा पंप त्यांच्या हातात दिला आणि स्वतः नळ्या जोडायला धावल्या. मी खिडकीतून बघितलं तर आमचे प्रिन्सिपॉल धोतराचा सोगा खांद्यावर टाकून घामाघूम होऊन पंप मारत होते आणि बाई सांगत होत्या, "थोडं हळू सर, पोरं घाबरतात." रागवायचं राहूनच गेलं. जाताना त्यांनी मला विचारलं, "ते ठिपकेवाले मासे बरे आहेत ना हो आता?"

पीएचडीचं त्यांचं काम बरीच वर्षं रेंगाळलं होतं आणि त्याचं कारण मोठं मजेशीर होतं. विषाची तीव्रता ठरवायची तर किती मासे मेले ते मोजतात. बाई मासा आडवा झाला की त्याला उचलून ताज्या पाण्यात सोडायच्या. त्यांचे मार्गदर्शक शहरातल्या विद्यापीठातले. ते म्हणायचे, बाई, मेलेले मोजा. बाई म्हणायच्या, "सर, आडवा झाला म्हणजे त्याने सांगितलं, की मला हे सोसत नाही. सांगून झाल्यावर कशाला मारायचं?" जिथे मरण मोजल्याशिवाय गत्यंतर नव्हतं तिथे त्या मोजायच्या, मुकाट्याने, आणि त्या दिवसांत शिवराक जेवायच्या. पण बाकी सगळ्या कामात त्यांनी "आडवा झाला" हाच निकष धरला, तो इतक्या वेळा आणि इतक्या काटेकोरपणे तपासला, की अखेर मार्गदर्शकांनी मान तुकवली. प्रबंध मंजूर झाला त्या दिवशी बाईंनी खिडकीतून पेढे दिले आणि म्हणाल्या, "शेवटाक सरच आडवे झाले रे! मगे मी तेंका ताज्या पाण्यात सोडलंय."

पण बाई म्हटलं की मला आठवतो तो वेगळाच प्रसंग. मालवणहून आत, एसटीने तासाभराच्या वाटेवर एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांना शेजारच्या गावचे लोक अजून त्यावरून चिडवतात.

परीक्षा संपून कॉलेज ओस पडलं होतं. उन्हाळा रणरणत होता. एक दिवस रुक्मीण बाईंच्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. तिला मी बाजाराबाहेर कधी बघितलंच नव्हतं. टोपलीशिवाय ती ओळखूच येईना. त्या गावात तिचा मावसभाऊ राहायचा, बाबल नावाचा. गावच्या देवळापुढे तळी आहे, तिच्यात हातभर लांबीचे मासे होते. देवाचे मासे, त्यांना कुणी धरत नसे, उलट लोक लाह्या टाकत. ते सगळेच्या सगळे मासे एका सकाळी पांढरी पोटं वर करून तरंगताना दिसले, आणि बोट बाबलकडे गेलं.

"कित्याक?" बाईंनी विचारलं.

"तो व्हाळात गेळ घालता म्हणान."

गेळ हे रानातलं झाड. त्याची फळं ठेचून ओढ्याच्या डोहात टाकली की मासे गुंगतात आणि वर येतात, मग हातानेही धरता येतात. त्या भागात हे नवं नव्हतं, पण बाबल त्यात सराईत म्हणून प्रसिद्ध होता.

"खरा सांग रुक्मीण. तळीत घातल्यान काय तेणा?"

"बाईनू, व्हाळात घालता ता मी नाय म्हणणा नाय. पण देवाच्या तळीत? तळीसमोरसून जाताना चप्पल हातात घेता तो!" रुक्मीण पुढे सांगू लागली. गावाने बाबलच्या घरचं पाणी पिणं बंद केलं होतं. कुणी त्याच्या अंगणात पाऊल टाकत नव्हतं. त्याच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलेलं, तर मुलाकडच्यांनी निरोप धाडला होता, की गावाने ह्या माणसाला मोकळा केल्याशिवाय आम्ही तिथे अक्षता टाकायला येणार नाही. पुढच्या सोमवारी गाव देवाला कौल लावणार होतं.

बाईंनी छत्री उचलली. मग मला म्हणाल्या, "चल रे. तुझो निळो-तांबडो कागद घे."

तळी सुंदर होती. चौकोनी, वडाच्या सावलीत, आणि तिला चारी बाजूंनी नव्याकोऱ्या सिमेंटच्या पायऱ्या. देवस्थानच्या कमिटीचे प्रमुख, सगळे त्यांना अण्णा म्हणत, स्वतः आम्हाला दाखवायला आले. पायऱ्या त्यांनीच वडिलांच्या स्मरणार्थ बांधून दिल्या होत्या. आधी नुसते शेवाळलेले दगड होते, म्हाताऱ्या बायका घसरून पडायच्या. "आणि पाणी बघा बाईनू! सिमेंटामुळे कसा निवळलासा!"

पाणी खरोखरच काचेसारखं दिसत होतं. उन्हाळ्यामुळे खाली गेलेलं, पण तळ दिसेल असं नितळ. बाई पायरीवर उकिडव्या बसल्या आणि बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"बेडूक खंय गेले?" त्यांनी विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. बेडूक गेल्याचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मासे खाऊसाठी मारल्यान म्हणतास. मगे बेडकांनी बाबलाचा काय केल्यानी?"

मी तांबडा लिटमस कागद बुडवला. तो गडद निळा झाला. पाण्यात चुना उतरल्यासारखा क्षार होता, म्हणजे माझ्या दृष्टीने निकाल लागला. मी तो कागद उंच धरला आणि जमलेल्या लोकांना समजावून सांगितलं, की कोवळ्या सिमेंटमधून चुना सुटतो, पाणी जळजळीत होतं, वगैरे. लोकांनी ऐकून घेतलं. मग देवापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान ज्यांच्या घराकडे होता ते म्हातारे गावकर पुढे आले, कागद हातात घेतला, उलटसुलट करून बघितला.

"मास्तरानू, कागद निळो झालो ता बरा. पण ह्या कागदान देवाचो मासो बघललो काय?"

बाईंनी मांडीवर थाप मारली. "ह्येका म्हणतत प्रश्न! गावकरानू, तुमी कॉलेजात येवा शिकूक. मासो मेलो तर माशाकच विचारूक व्हया. मी साक्षीदार घेऊन येतंय."

त्यांनी तिथल्या तिथे तयारी करायला लावली. अण्णांच्याच गड्याने रानातून गेळाची फळं आणली. ती ठेचून एका भांड्यात विहिरीच्या पाण्यात भिजत घातली. दुसऱ्या भांड्यात पायऱ्यांच्या कडेला उरलेले सिमेंटचे ताजे ढलपे, तेही विहिरीच्या पाण्यात. भांड्यांची तोंडं गावकरांनी स्वतः फडक्याने बांधली आणि देवळात ठेवली. "आमचो हात लागलो असा मागाहून कोण म्हणूक नको," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही निघालो. बाईंच्या मांडीवर दुधाची मोठी किटली, तिच्यात मासे. माझ्या पिशवीत रिकाम्या बरण्या. कंडक्टरने झाकण उघडायला लावलं.

"मासळीक टिकीट पडता बाईनू."

"ही मासळी नाय. हे साक्षीदार आसत."

"साक्षीदारांचा तर पुरा टिकीट!" कंडक्टर म्हणाला आणि अख्खी गाडी हसली. बाईंनी त्याला सगळी हकिकत सांगितली. त्या गावचा थांबा येईपर्यंत निम्म्या गाडीचं ठरलं होतं, की आपणही उतरायचं आणि निकाल बघायचा. त्यातले काहीजण उतरलेही.

वडाखालच्या कठड्यावर चार बरण्या मांडल्या. पहिलीत नुसतं विहिरीचं पाणी. दुसरीत गेळाचं. तिसरीत सिमेंटच्या ढलप्यांवरचं. चौथीत तळीचं. मासे टाकायला बाईंनी गावकरांनाच पुढे केलं, "जो हातात येतलो तो सोडा." आणि सगळ्यांना बजावलं, "तुमका काय दिसता तेवढाच सांगा. माका काय व्हया ता सांगू नकात."

सगळं गाव भोवती उभं. बाबल लांब, रस्त्यापलीकडच्या बांधावर बसला होता, गुडघ्यात मान घालून. शेजारी रुक्मीण.

पहिल्या बरणीतले मासे भाताची शितं टोचत फिरत राहिले. गेळाच्या बरणीतले हळूहळू वर आले, तोंडं पाण्याबाहेर काढून हवा गिळायला लागले आणि दारू प्यायल्यासारखे डुलू लागले. सिमेंटच्या बरणीत वेगळंच घडलं. मासे सैरावैरा धावले, काचेवर आपटले, मग थरथरायला लागले. अंगावर साय धरावी तसा पांढुरका थर आला. तळीच्या पाण्यातले मासे बराच वेळ तग धरून होते. अण्णांचा चेहरा खुलायला लागला. पण ऊन डोक्यावर यायच्या सुमारास तेही धावले, तेही काचेवर आपटले, त्यांच्याही अंगावर ती साय आली.

गावकर वाकले. नाक काचेला लागेपर्यंत वाकले. तळीतले मेलेले मासे त्यांनीच हाताने काढले होते.

"ह्ये डोळे..." ते पुटपुटले. "असेच पांढरे झालले. आणि हातातसून निसटत होते. साबण लावल्यासारे." मग ते गेळाच्या बरणीकडे गेले, तिथेही वाकले. "ह्येंचे डोळे साफ आसत."

मागच्यांनी पुढे सरकून दोन्ही बरण्या आपापल्या डोळ्यांनी बघितल्या.

मासा कलायला लागला की बाई त्याला उचलून विहिरीच्या पाण्याच्या घागरीत सोडत होत्या. आता सगळे घागरीभोवती जमले. आधी गेळाने गुंगलेले मासे सरळ झाले. मग तळीच्या पाण्यातला एक हलला, त्याने शेपूट मारली, आणि गर्दीतून ओरड उठली, "उठलो रे, उठलो!" एसटीतून आलेले लोक टाळ्या वाजवायला लागले. सिमेंटच्या बरणीतला एक मासा मात्र उठला नाही. बाईंनी तो ओंजळीत धरला, पाणी हलवून बघितलं, पुन्हा बघितलं. मग वडाच्या पानात गुंडाळून मुळाशी ठेवला आणि पदराने तोंड पुसलं.

आता अण्णा पुढे आले. आवाजात राग होता. "बाईनू, सिमेंटाची घरां बांधतत. माणसां मरतत काय?"

"माणूस घरात रवता अण्णानू. मासो पाणी नाकातोंडात घेऊन जगता," बाई म्हणाल्या. मग त्या उठून अण्णांच्या शेजारी पायरीवर जाऊन बसल्या आणि एकदम मऊ आवाजात सांगायला लागल्या. "पायऱ्यो बऱ्यो आसत. बापाशीचा नाव रवतला. फक्त सिमेंट कोवळा आसा. पाणी भरा, सोडा, परत भरा. ह्या पावसात सगळी खार धुवन जायत. दिवाळीक मी परत पोरां घेऊन येतंय आणि बघतंय. ह्येच्यात तुमचीय चूक नाय. कोणाक ठावक होता?"

अण्णा पायऱ्यांकडे बघत बसले. वडिलांच्या नावाची पाटी समोरच होती. मग ते उठले, धोतर सारखं केलं, आणि चालायला लागले. आम्हाला वाटलं घरी गेले. पण ते रस्ता ओलांडून बांधाकडे गेले. बाबल धडपडून उभा राहिला.

"बाबल, घराकडे चल," अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "तहान लागली. तांब्याभर पाणी दी."

बाबलला पाऊल उचलेना. रुक्मिणीने त्याला मागून ढकललं तेव्हा तो चालू लागला. अण्णा त्याच्या मागोमाग त्याच्या अंगणात गेले, ओट्यावर बसले आणि तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी प्यायले. त्यांच्यामागून गावकर प्यायले. त्यांच्यामागून एकेक करत सगळं गाव. बाबलची मुलगी विहिरीवरून पाणी ओढून ओढून दमली, आणि हसत होती, आणि रडतही होती. आम्ही दोघंही प्यायलो. बाई मला हळूच म्हणाल्या, "तुझो निळो कागद ह्या करूक शकलो नसतो रे." मी कबूल केलं.

सोमवारचा कौल ठरल्याप्रमाणे झाला. बाईंनीच तो करायला सांगितलं होतं. "देवाकय विचारा. तो काय आमच्या विरोधात नाय." पाकळी उजवी पडली, देवानेही बाबलला मोकळा केला, असं रुक्मीण सांगत आली, आणि त्या दिवशी तिने बाईंना बाजारातला सगळ्यात मोठं पापलेट दिलं. वैशाखातला मुहूर्त मात्र तोवर टळून गेला होता. लग्न तुळशीच्या लग्नानंतर करायचं ठरलं.

पावसाळाभर गावाने तळी भरली आणि सोडली. अण्णांनी पंप आणला, आणि तो चालवायचं काम बाबलने मागून घेतलं. दिवाळीच्या सुट्टीत बाई किटली घेऊन गेल्या. तळीच्या पाण्यात त्यांची पोरं चार दिवस सुखाने फिरली, आणि एका बेडकाने बरणीच्या शेजारी येऊन बसून घेतलं, तेव्हा बाईंनी निकाल जाहीर केला.

मासे परत सोडायचा दिवस ठरला. नदीच्या कोंडीतून, म्हणजे खोल डोहातून, आणलेले हातभर लांबीचे मासे मोठाल्या हंड्यांत होते. हंडा उचलायला गावाने बाबलला उभं केलं होतं. सगळं गाव पायऱ्यांवर. आम्हालाही आग्रहाने बोलावलं होतं. बाई जरीकाठाची साडी नेसून आल्या होत्या आणि सगळ्यांत पुढे उभ्या होत्या. गावकरांनी हातात नारळ धरून, डोळे मिटून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं गाव एका आवाजात.

"तुझ्या तळीत आज परत मासो सोडतोव. त्येका सुखान नांदव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमच्या हातून गरिबार आळ इलो, तो पोटात घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अण्णांचा आवाज ह्या वेळी सगळ्यांत मोठा होता.

"बाबलाच्या चेडवाचा लगीन ठरलासा, ता थाटामाटान पार पाड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गावकरांना आता स्फुरण चढलं होतं. "आणि देवा म्हाराजा, ह्या बाईंनी तुझ्या गावासाठी इतक्या केल्यानी. तेंका कशाची कमी नाय, पण एकट्यो आसत. तेंकाय लग्नाक एक बरोसो घोव मिळवन दी म्हाराजा!"

"व्हय म्हा..." गावाने आवाज लावला, आणि त्या सगळ्या आवाजावर चढून बाईंचा वर्गातला आवाज आला.

"नको म्हाराजा!"

गाऱ्हाण्यात नको म्हणणारं माणूस गावकरांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांनी एक डोळा उघडला. बाईंकडे बघितलं, देवळाकडे बघितलं, पुन्हा बाईंकडे बघितलं. बाई हात जोडून, मान ठामपणे हलवत उभ्या होत्या. मग गावकरांनी तो डोळा परत मिटला आणि नारळ जरा उंच धरला.

"बरा तर. मगे बाईंच्या मनात जा काय आसात, ता तेंका दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाई सगळ्या गावाच्या आधी ओरडल्या. मग गाव हसायला लागलं, पायऱ्यांवरच्या म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकी टेकून हसायला लागल्या, आणि हसता हसताच बाबलने हंडा तळीत ओतला.